सिपायाचा शीट रोल नष्ट करू नका : संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार
स.न.

जून 2021 मध्ये आपल्या मंत्रालयाने युद्धेतिहासाचं धोरण जाहीर केलं. 25 वर्षांहून जुने दस्तऐवज तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यायचे, असं त्यात आहे. उत्तम. पण सैन्याच्या अभिलेख कार्यालयांत 25 वर्षांचा आणखी एक नियम चालतो. पेन्शन नसलेला सिपाही सेवेतून गेल्यावर तेवढी मुदत संपली की त्याचा शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीची सगळी माहिती असलेला कागद, नष्ट करतात. लाँग रोलमधली, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र नोंदवहीतली, त्याची नोंद तेवढी उरते. लढाईची डायरी जपायची आणि लढणाऱ्याचे कागद फाडायचे, हा कुठला हिशेब?

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात सिपाही होते. "बसऱ्याला (इराकमध्ये) होते" यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नाही. राजाचं मुंडकं असलेलं चांदीचं पदक आहे. भिंग धरून त्याची कड फिरवली की नंबर, हुद्दा, वेडंवाकडं लिहिलेलं नाव आणि पलटण वाचता येते. तेवढ्यावर मी अर्ज केला. दोन ओळींचं उत्तर आलं : कागदपत्रं उपलब्ध नाहीत.

बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रजांनी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या साध्या सैनिकांचा नुसता आकडा टाकला. या भेदभावाबद्दल त्यांच्या युद्धसमाधी आयोगाने 2021 मध्ये माफी तरी मागितली. आपण मात्र स्वतंत्र भारताच्या सिपायाचेही कागद नियमावर बोट ठेवून घालवतो आहोत.

पराक्रम गाजला तर सिपाहीही इतिहासात जातो. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनियो नदीकाठी मराठा पलटणीच्या सिपाही नामदेव जाधवांनी सुरुंगांतून दोन जखमींना बाहेर काढलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते योग्यच. पण जो नोकरी करून धड परत आला, त्याचं गाव, बापाचं नाव, भरतीची तारीख कागदावरच असते. घरच्यांनाही पुढे दुसरीकडे कुठे सापडणार?

लाहोरच्या संग्रहालयातल्या जुन्या रजिस्टरांतून पंजाबच्या सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांची माहिती निघाली आणि ती ऑनलाइन येऊ लागली. म्हणजे काम होण्यासारखं आहे.

तेव्हा सिपाही असो, तोफखान्यातला गनर असो की इंजिनिअर दलातला सॅपर, स्कॅन झाल्याशिवाय एकही शीट रोल नष्ट होऊ नये, असा आदेश काढा. जुने लाँग रोल नाव, नंबर आणि गावावरून शोधता येतील असे खुले करा. हयात माणसांची माहिती झाका, हरकत नाही. फी लावलीत तरी आम्ही भरू.

आपला,
एका सिपायाचा पणतू