घाटातली आमरी मातीत जगत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की घाटरस्त्यांच्या कडेला, जांभळांच्या टोपल्यांशेजारी, झाडावरून ओरबाडून आणलेली फुललेली आमरी (ऑर्किड) विकायला मांडलेली दिसते. तिच्यात बहुतेक वेळा एअरिडीस क्रिस्पा ही आपल्या पश्चिम घाटातली जात असते. पांढरट-गुलाबी फुलांचे झुकलेले तुरे, कातरलेल्या कडांची गडद गुलाबी पाकळी आणि दहा पावलांवरूनही जाणवणारा गोड वास, यांच्या मोहाने पर्यटक गाडी थांबवतात. गेल्या वर्षी आमच्या एका नातलगांनी असेच एक रोप हौसेने नेले, शेणखत घातलेल्या कुंडीत लावले आणि रोज तांब्याभर पाणी घातले. श्रावण सरायच्या आत ते बुडापासून कुजले. त्यांनी काळजी कमी घेतली नव्हती. या झाडाला काय लागते तेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ही वनस्पती झाडाच्या सालीवर राहते, पण त्या झाडाचे काही घेत नाही. बांडगूळ फांदीच्या आत मुळे घुसवून रस शोषते. आमरी केवळ आधार घेते. हा फरक माहीत नसल्यामुळे आंब्याची साफसफाई करताना पुष्कळ ठिकाणी बांडगुळाबरोबर आमरीही खरवडून टाकली जाते, याचे मला फार वाईट वाटते. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. कोरडे मूळ चंदेरी दिसते आणि पाणी शिंपडले की काही क्षणांत हिरवे होते. हे मूळ ओले होऊन पुन्हा सुकायला हवे. सतत ओल्या मातीत ते गुदमरते.

आमच्या परसातल्या आंब्याची एक फांदी वादळात मोडली, तेव्हा तिच्यावरची आमरी सालीच्या तुकड्यासकट काढून मी फणसाच्या खोडावर, सकाळचे कोवळे ऊन येईल अशा बाजूला, सुंभाने बांधली. पहिले वर्ष तिने काहीच केले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात हिरव्या टोकाची दोन नवी मुळे सालीला चिकटून पुढे सरकली, आणि त्यानंतरच मी सुंभ सोडला. उन्हाळ्यात सकाळी एकदा फवारा मारतो, पावसाळ्यात हात लावत नाही आणि थंडीत पाणी बरेच कमी करतो. पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचे नाही, कारण शेंडा कुजला तर वाढ तिथेच थांबते. पावसाळ्यात रात्री गोगलगायी मुळांची कोवळी टोके खातात, म्हणून बॅटरी घेऊन एक फेरी मारावी लागते. ज्यांच्याकडे झाड नाही, त्यांनी भोके असलेल्या टोपलीत कोळसा आणि विटांचे मोठे तुकडे घालून रोप ठेवावे. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात सावली आणि हवेतला ओलावा दोन्ही वाढवावे लागतात. खत द्यायचेच तर नव्या वाढीच्या काळात, अगदी पातळ करून द्यावे.

आमरीचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात रोपासाठी अन्नाचा साठा नसतो आणि जंगलात योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. म्हणून घाटातून नेलेल्या एका रोपाची जागा भरून यायला वर्षे लागतात. राखीव जंगलातून रोपे काढणे कायद्यानेही गुन्हा आहे, आणि प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली आमरी आता रोपवाटिकांतून मिळते. विकत घेताना मुळांकडे पाहावे. मुळे तुटलेली, त्यांना साल आणि शेवाळ चिकटलेले आणि पाने किडींनी खाल्लेली असतील, तर ते रोप बहुधा जंगलातलेच असते; रोपवाटिकेतले रोप सहसा लहान असते आणि त्याची मुळे टोपलीच्या जाळीतून अखंड बाहेर आलेली असतात. आपण मे महिन्यातच, तुरे बाजारात येण्यापूर्वी, ही माहिती छायाचित्रासह छापावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी