वहीची मागची पानं

सांगली
शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मन्या,

फोन आपटलास त्याला दोन महिने झाले. मी हसलो, हे कबूल. पण व्हिडिओ गेममधल्या 'हिरोची बायको पहिल्याच सीनला मरते' हे तू असं सांगितलंस की जणू कुणाच्या घरची बातमी आहे. कुणीही हसलं असतं. नंतर तीनदा तुझा नंबर काढला आणि तसाच ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर सॉरी लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर गोळीवर आहे, बाकी सगळे बरे.

खरं कारण वेगळं आहे. आपण लिहिलेल्या गेमची वही सापडली.

परवा पुलाजवळ कृष्णेचं पाणी ३६ फुटांवर गेलं आणि कोयनेतून आणखी सोडणार अशी बातमी आली. इशारा ४०, धोका ४५, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पण २०१९ च्या महापुरापासून आई कुणाच्या इशाऱ्याची वाट बघत नाही. पस्तिशी गाठली की सामान माळ्यावर. गहू, मिक्सर, दुकानात दुरुस्तीला आलेले दोन टीव्ही चढवताना ट्रंकेच्या मागून ती निघाली. दोनशेपानी, ब्राउन पेपरचं कव्हर, त्यावर तुझ्या लाल स्केचपेनने 'बदला' आणि खाली 'टॉप सिक्रेट'. आई म्हणाली, "घालू का रद्दीत?" मी अशी काही हिसकावून घेतली की तिला वाटलं कुणा पोरीची पत्रं आहेत. वाटू दे. तेवढीच माझी इज्जत.

माळ्यावरच बसून वाचली. काय लिहिलंय लेका आपण! हिरो जॅक विल्यम्स, राहणार अलास्का. बायको रोझी, आठव्या ओळीला खलास. गाव जाळलं. जॅकच्या डोक्याला मार लागून स्मृती गेली, आठवतो तो फक्त खुन्याच्या हातावरचा विंचू. मग लेव्हल १ बर्फ, २ कारखाना, ३ जहाज, ४ डॉनचा बंगला. आपलं वय सोळा. वर्गातल्या मुलीकडे पट्टी मागायची तर जीभ टाळ्याला चिकटायची, आणि इथे सात ओळींत लग्न, आठवीला विधुर.

म्हणजे मी ज्याला हसलो ती गोष्ट आपलीच होती. तेव्हापासून मला चैन नाही. आणि हे इथे कुणाला सांगणार? बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "झोपा." बरोबरच आहे तिचं.

तुला माहीत आहे, दुकानात टेस्टिंगसाठी टीव्हीवर गेम खेळायचा एक जुना पीएस-फोर ठेवलाय. सुट्टीत ताईचा ओंक्या येऊन बसतो. परवा एक गेम लावला होता. हिरोची मुलगी त्याला वाढदिवसाचं घड्याळ देते. ओंक्या बुंदीचा लाडू खात खात म्हणाला, "मामा, ही मरणार बघ." मी म्हटलं, कशावरून? "लई गोड बोलायल्या." पंधरा मिनिटांत गेली पोरगी. बारा वर्षांच्या पोराने लाडू संपायच्या आत भविष्य सांगितलं आणि पुढचा सीन बटण दाबून उडवला. हाच गेम, 'द लास्ट ऑफ अस', मी २०१३ साली पहिल्यांदा खेळलो तेव्हा तिथेच ढसाढसा रडलो होतो. तो हसला. मला पोराचा राग आला नाही, भीती वाटली.

मग एकेक आठवत बसलो. २००१ चा मॅक्स पेन: बायको आणि तान्हं बाळ मारलं, निघाला बंदूक घेऊन. २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर': उघडतानाच बायकोच्या चितेसाठी झाड तोडतोय. (तो चांगला आहे, मला माहीत आहे, शिव्या घालू नकोस. बापलेकाचं नातं तिथे खरंच आहे. पण सरण आधी रचावं लागलंच ना?) आणि बायको मारायची नसेल तर पळवायची. १९८५ पासून मारिओ राजकन्येच्या मागे आहे. किल्ल्यावर किल्ले घेतो आणि दर वेळी ऐकतो की बाई दुसऱ्या किल्ल्यात आहेत. १९८९ चा आपला 'प्रिन्स ऑफ पर्शिया', साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. आणि पुण्यात २०२० साली 'राजी' हा गेम निघाला तेव्हा तू किती उड्या मारल्या होत्यास! मीही मारल्या. आपल्याकडची पोरगी, आपल्याकडचे देव, आपल्याकडची चित्रं. गोष्ट काय? भाऊ पळवलाय, राक्षस मारत मारत त्याला आणायचं. कपडे आपले, सांगाडा तोच.

हे का होतं, याचं उत्तर मला माझ्या टेबलावर मिळालं. माझ्याकडे दुरुस्तीला महिन्याला वीस-पंचवीस गेमचे कंट्रोलर येतात. तक्रारी दोनच. एक, डावी स्टिक ड्रिफ्ट होते: आतला कार्बनचा पट्टा घासून घासून झिजतो, मग कुणी हात लावला नाही तरी हिरो आपला आपण चालत सुटतो. दोन, आर-टूची, म्हणजे गोळी झाडायच्या बटणाची, स्प्रिंग तुटलेली. म्हणजे पळणं आणि मारणं. त्रिकोणाचं बटण, ज्याने कुठे वस्तू उचलतात, कुठे दार उघडतात, ते आजवर मी एकदाही बदललेलं नाही. कोरं करकरीत असतं. आता मला सांग, बोटांना दिवसभर गोळ्या घालायचंच काम दिलं, तर लेखक बिचारा काय करणार? त्याला फक्त एवढंच सांगायचं असतं की हा भला माणूस चारशे जणांना का मारतोय. त्याला परवाना लागतो. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लवकर मिळणारा परवाना म्हणजे मेलेली बायको. गोष्ट तोकडी नाही रे, बोटांचं काम तोकडं आहे.

तू आता म्हणशील, "कीर्तनाला जातोस तेव्हा आख्यान नवीन असतं का?" हे वाक्य तू मला गणपती मंदिरासमोर भडंग खाताना ऐकवलंस, पुण्याच्या गाडीत ऐकवलंस आणि माझ्या लग्नात हळद लागलेली असताना ऐकवलंस. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, आता सुचलंय. बुवा आज सुदामा सांगतात, उद्या हरिश्चंद्र, परवा चोखोबा. रोज कीचकवधच सांगितला तर मंडपात फक्त मांडववाला उरेल.

आणि सांगलीच्या माणसाने तरी हे म्हणू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं. पुढे काय चाललं? देव, राक्षस, तलवारी, राक्षस आला की 'अलल्लडुर्र'. लोकांना तेच हवंय, असंच तेव्हाही म्हणत असतील. मग त्याच नदीच्या काठी, हरिपुरातून देवल निघाले आणि १८९९ ला 'शारदा' आली. राक्षस नाही, तलवार नाही, एक पैसेवाला म्हातारा, लग्नाला उभी केलेली एक पोरगी आणि तिचा लोभी बाप. छप्पन वर्षं लागली. मारिओपासून छप्पन मोजले तर २०४१ येतं. तोवर माझे गुडघेही आईसारखे झालेले असतील.

पैशाचा तुझा मुद्दा मी मानतो. शेकडो कोटी लावणारा माणूस ठरलेल्या वाटेनेच जाणार. म्हणून वेगळं करतात ते एकटे-दुकटे. तो लुकास पोप, त्याचा २०१३ चा 'पेपर्स, प्लीज' हा गेम. मी तुला पेन ड्राइव्हमधून दिला होता आणि तू "हे काय तलाठी ऑफिस" म्हणून परत केलास. खेळलाच नाहीस तू. सीमेवरच्या टपरीत बसायचं, लोकांचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा. संध्याकाळी पगारातून घरचं जेवण आणि शेकोटी. एक नवरा येतो, त्याचे कागद चोख. जाताना म्हणतो, मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. ती येते, तिच्याकडे परवानगीचा कागद नाही. बायको जिवंत आहे मन्या, समोर उभी आहे, आणि शिक्का तुझ्या हातात आहे. त्या रात्री माझा हात माउसवर जितका थरथरला तितका कुठल्या डॉनच्या बंगल्यात थरथरला नाही.

हे सगळं डोक्यात होतं, आणि वही मिटताना हातातून सुटून उलटी पडली. मागच्या बाजूनेही लिहिलेलं आहे, हे मी साफ विसरलो होतो.

तुझंच अक्षर, पेन्सिलने. २००५ चा महापूर. शाळेतला पूरग्रस्तांचा कॅम्प, होडीवाल्या मामांची यादी. 'पिवळी बिल्डिंग, ४ मोठे, १ तान्हं, दूध आधी.' 'कर्नाळ रोड, आजी, इन्सुलिन आहे, बर्फ नाही, बर्फ कुठे मिळेल?' (समोरच्या पानांवर आपण अलास्काभर बर्फ पसरून ठेवला होता, आणि हा डबाभर मिळेना.) 'होडीत ८.' हे तू तीन ठिकाणी लिहून खाली रेघ मारलीस. आणि मग 'तात्या, २ म्हशी. नाही म्हणतात.' खाली 'परत विचारलं. नाही.' त्याच्या खाली नुसतं 'परत'. बाकी सगळ्या नावांपुढे बरोबरची खूण आहे.

तिसऱ्या खेपेला होडी कुठे वळवायची यावरून आपण कमरेएवढ्या पाण्यात भांडलो. तू म्हणालास तान्हं आधी. तुझं बरोबर होतं. मी हे कधी बोललो नाही, आणि भेटलास तरी बोलणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय. पण आश्चर्य मला याचं वाटतं की त्याच आठवड्यात, अंगाला गाळाचा वास येत असताना, रात्री मेणबत्तीत आपण वही उलटी करून रोझीला मारत होतो. मागची पानं म्हणजे गोष्ट असू शकते, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गेम लिहिणाऱ्या साहेबांना कशाला नावं ठेवू?

वहिनींना नमस्कार. फ्लॅटचं पझेशन मिळालं का? चिऊची शाळा बदललीत असं ताईकडून कळलं, बरं केलंत. नोकरी सोडायचं काहीतरी म्हणत होतास, ते घाईने करू नकोस.

मागच्या पानांचे फोटो काढले होते, पाठवायचे म्हणून. मग पुसले. पेन्सिल फिकी झाली आहे, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि तात्यांच्या ओळी तू तिकडे मीटिंगमध्ये बसून वाचाव्यात असं मला वाटलं नाही. वही दुकानात वरच्या फळीवर, टीव्हीच्या मागे आहे. गणपतीला येशील तेव्हा ने. होडीवाल्या मामांचं नाव काय होतं, ते तेवढं आठवून ठेव. यादीत सगळ्यांची नावं आहेत, त्यांचं नाही.

पाणी आत्ता ३८ आहे. आई जागीच आहे.

तुझा,
सुन्या

ता. क. व्हाइस सिटी गेमची ती सेव्ह केलेली फाइल मी उडवली नव्हती. ताईने उडवली. तिच्या लग्नात तू एवढा नाचलास म्हणून तेव्हा सांगवलं नाही.