वाचनालयातल्या ताईंना, दुकानातून

ताई, स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि माझ्या तोंडून "ताई फार चांगल्या आहेत" एवढंच निघालं. शाल, नारळ, फोटो, संपलं. घरी येऊन माझाच मला राग आला. राहिलेलं सगळं आता चारचौघांत लिहिते.

२०१६चा पावसाळा. तुम्ही पाव किलो साखर घ्यायला आला होतात. मी पुडी बांधता बांधता रद्दीच्या कागदावरचं वाचत बसले आणि गिऱ्हाईक उभं आहे हेच विसरले. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. तुम्ही माझं वाचून होईपर्यंत थांबलात आणि मग विचारलंत, "पुढचं पान कुठंय?"

"त्यात कुणाची तरी तूरडाळ गेली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बेबीताई कांबळ्यांचं आत्मचरित्र, 'जिणं आमुचं', आणून गल्ल्यावर ठेवलंत. "ही बाई फलटणची. हिचंही छोटं दुकान होतं. पुड्यांच्या रद्दीतूनच वाचायची," एवढं बोलून गेलात. वर्गणीचं नाव नाही, वाचनाचे फायदे नाहीत. बेबीताई कांबळ्यांनी आपलं लिखाण वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवलं आणि १९८६ साली त्याचं पुस्तक झालं, हेही तुम्ही मी विचारल्यावरच सांगितलंत.

मला वाटलं होतं, दुकानात बसणाऱ्या बाईचं पुस्तक म्हणजे माझंच असणार. तसं नव्हतं. त्यात महारवाड्यातली बाई दुकानाबाहेर लांब उभी राहून, गयावया करून पैशाची वस्तू मागते, आणि दुकानदार आपल्या पोरांना शिवू नका म्हणून बजावतो. आमचं दुकान आजेसासऱ्यांपासूनचं. त्या पानावर मी थांबले. वाचत होते बेबीताईंच्या बाजूनं, पण बसले होते गल्ल्याच्या पलीकडं. आमच्या ओट्याखाली कोण उभं राहत असेल, हे मी घरात विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. ते पान मला अजून पचलेलं नाही.

पुस्तक परत करायला तीन महिने लावले, वर त्यावर गोडेतेलाचा डाग. मी दंडाचे पैसे मुठीत घेऊनच आले होते. तुम्ही पान उन्हाकडं धरलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "शेंगदाण्याचं ना? चालेल." तारखेचा शिक्का मारलात आणि दुसरं पुस्तक पुढं सरकवलंत.

ते रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं होतं, १९१०चं. मला नाही झेपलं. सगळं सोसायचं आणि वर नवऱ्याचे गोडवे गायचे! मी तसं बोलून दाखवलं तर तुम्ही हसून ते परत घेतलंत. अर्धवट वाचलेलं पुस्तक परत करता येतं, हे मला माहीत नव्हतं. शाळेत तसं कधी चाललं नाही.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं ते सोवळ्याचं वेड वाचताना मी इतकी हसले की सासूबाई दाणे निवडायच्या थांबल्या. "काय ते मोठ्यानं वाच." आईंना वाचता येत नाही. तेव्हापासून दुपारी दुकान थंड असतं तेव्हा मी वाचायचे, त्या ऐकायच्या. लक्ष्मीबाईंचे यजमान ना. वा. टिळक बायकोला न सांगता ख्रिस्ती झाले, तिथं आईंनी त्यांना अशा काही शिव्या घातल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत. पुढं पाचेक वर्षांनी, १९०० साली, लक्ष्मीबाईंनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मात्र आई म्हणाल्या, "बाई आपल्या पायानं गेली. त्याच्या मागनं नाही."

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले, लग्नात लक्ष्मी झाल्या. हे वाचलं आणि आईंच्या हातातलं सूप थांबलं. "माझं पण दुसरंच नाव होतं," त्या म्हणाल्या. शेवटी त्या नावानं हाक मारणारा त्यांचा भाऊ, तोही वारला. एकोणीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली राबले, त्यांच्यावर धुसफुसले, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं! ते मी इथं लिहीत नाही. त्यांनी मला सांगितलंय, गावाला नाही.

हे सगळं तुम्ही ज्या पगारात केलंत तो आमच्या हमालाला सांगितला तर तो हसेल. वाचनालयाच्या अनुदानातून माणसाच्या वाट्याला काय येतं, ते निरोपाच्या भाषणात कुणी काढलं नाही, म्हणून मी काढते. तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. कुलूप शनिवारीच उघडतं.

जाताना तुम्ही सभासदत्वाचा एक कोरा अर्ज माझ्या पिशवीत टाकलात, आईंसाठी. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, म्हणालात. अर्ज उधारीच्या वहीत जपून ठेवलाय. पत्ता भरला, वय अंदाजानं भरलं. नावाची ओळ तेवढी मोकळी आहे. आई रोज दुपारी तो मागून घेतात, बघतात आणि म्हणतात, "थांब, उद्या सांगते."

तुमची,
दुकानातली