एसएमबी-१ पुन्हा सुरू करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छपाई, जाहिरात आणि वास्तुरचनेच्या अनेक लहान कार्यालयांत आज तीन प्रकारची यंत्रणा एकत्र नांदते : मांडणीसाठी मॅक, हिशेब आणि जीएसटीसाठी विंडोज, आणि फायली ठेवायला लिनक्सवर चालणारा सर्व्हर किंवा नॅस (जाळ्याला जोडलेली साठवण-पेटी). ही यंत्रे एकमेकांच्या फायली कोणत्या प्रोटोकॉलने, म्हणजे देवाणघेवाणीच्या कोणत्या नियमांनी, उघडणार, हे मात्र सहसा कोणी ठरवत नाही. जोडणीला आलेला तंत्रज्ञ जे चालेल ते चालू करून जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तेच राहते. अशा जाळ्यांची देखभाल हाच माझा व्यवसाय असल्याने याविषयी, विशेषतः एसएमबी या फायली सामायिक करण्याच्या प्रोटोकॉलच्या एसएमबी-१ या जुन्या, असुरक्षित आवृत्तीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

एके काळी हा गोंधळ समजण्यासारखा होता, कारण विंडोजकडे नेटबीयूआय, नॉव्हेलकडे आयपीएक्स आणि ॲपलकडे ॲपलटॉक अशी जाळ्याच्या प्रोटोकॉलची प्रत्येकाची वेगळी चूल होती. इंटरनेटच्या टीसीपी/आयपी प्रोटोकॉलने ते सारे मागे टाकले. फायलींच्या बाबतीतही निवड आता अवघड राहिलेली नाही. ॲपलने २०१३ मध्ये मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून आपल्या एएफपी या फाइल-प्रोटोकॉलऐवजी एसएमबी-२ ला पहिली पसंती दिली आणि २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून मॅकवरून एएफपीने फायली सामायिक करण्याची सोयच काढून टाकली. लिनक्सकडे १९९२ पासून विकसित होत आलेले सांबा हे एसएमबीचे सॉफ्टवेअर आहे. म्हणजे एसएमबी ही तिघांनाही येणारी भाषा असून प्रश्न उरतो तो फक्त तिच्या आवृत्तीचा.

काही जण लिनक्स सर्व्हर आहे म्हणून एनएफएस हा लिनक्सकडे प्रचलित असलेला फाइल-प्रोटोकॉल सुचवतात. सर्व यंत्रे लिनक्सची असतील तर ते उत्तमच. मिश्र कार्यालयात मात्र त्याच्या नेहमीच्या मांडणीत वापरकर्त्याची ओळख क्रमांकावर चालते आणि परवानग्यांचा घोळ होतो. मराठी कार्यालयांसाठी आणखी एक बारीक अडचण आहे. ‘सातबाऱ्याचे उतारे’ अशा नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक अखंड अक्षर म्हणून किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) असे सुटे. मॅककडून एनएफएसवर सुटे रूप गेले, तर डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन नावे सर्व्हरला वेगळी वाटतात आणि शोधलेली फाइल सापडत नाही. जोडताना योग्य पर्याय दिला तर हे टळते, पण तो देण्याची आठवण कोणाला राहते?

खरी चिंता एसएमबी-१ ची आहे. मे २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम याच जुन्या आवृत्तीच्या विंडोजमधील त्रुटीतून पसरला. त्यानंतर जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रॅमनेही तीच त्रुटी वापरली आणि त्याच्या तडाख्यात न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम खोळंबले. ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेली होती. पुढे विंडोज आणि सांबा या दोघांनीही एसएमबी-१ मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. तरीही जुन्या बहुउद्देशीय प्रिंटरचे ‘स्कॅन टू फोल्डर’ चालावे एवढ्यासाठी एखाद्या संगणकावर ते पुन्हा सुरू केलेले मला आजही आढळते. पाच मिनिटांत स्कॅन येऊ लागते आणि बिल निघते, पण सगळ्या कार्यालयाचा दरवाजा उघडा राहतो. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीने प्रो संगणकांवर एसएमबी स्वाक्षरी (संदेशात वाटेत फेरफार झाला नसल्याची खूण) सक्तीची केली आणि पासवर्डविना पाहुणा म्हणून होणारा प्रवेश बंद केला. त्यामुळे जुने नॅस उघडेनासे झाले, की ही सक्तीच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तो कृपया मानू नये. नॅसवर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडणे आणि त्याचे फर्मवेअर (अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे, हा त्यावरचा उपाय आहे.

माझी विनंती कार्यालयांच्या मालकांना, तसेच पतसंस्था आणि शाळांच्या खरेदी समित्यांना आहे. प्रिंटर किंवा नॅसच्या दरपत्रकात पानांचा वेग आणि टेराबाइट विचारले जातात, तशीच ‘एसएमबी-३ आणि आयपीपी चालले पाहिजे, एसएमबी-१ बंद करता आले पाहिजे’ ही अट लेखी घालावी. आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलमुळे तिन्ही प्रणालींवरून छपाई होते आणि बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. जुना स्कॅनर लगेच बदलणे परवडत नसेल, तर त्याचे स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्यावे किंवा यंत्रात सोय असल्यास ईमेलने पाठवावे. त्याच्यासाठी हिशेबाच्या संगणकावर एसएमबी-१ सुरू करण्याची परवानगी कोणत्याही तंत्रज्ञाला देऊ नये.

आपला,
एक संगणक-जाळे देखभाल व्यावसायिक, पुणे