‘कीड’ हा शब्द माणसांसाठी नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर छाटणी झाली की आम्हा द्राक्ष बागायतदारांच्या मोबाइलवरील गटात दिवसभर एकच विषय असतो. उडद्या भुंगेरा दिसला का, डाऊनी बुरशीसाठी काय मारले, पाऊस लागला तर पुन्हा फवारणी घ्यायची का. गेल्या आठवड्यात अशाच दोन वेळापत्रकांच्या मधोमध कुणीतरी एक मजकूर टाकला. त्यात आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एका समाजाला ‘कीड’ म्हटले होते आणि ‘आता फवारणीची वेळ आली’ असा त्याचा शेवट होता. खाली सात-आठ जणांनी अंगठे उमटवले होते. माझा फवारणीचा ब्लोअर दुरुस्त करणारे मिस्त्री त्याच समाजाचे आहेत आणि त्याच गटात आहेत. हे ठाऊक असूनही मी दोन दिवस गप्प राहिलो, याची मला लाज वाटते.

तीस वर्षे बाग केलेल्या माणसाला कीड या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. एकदा कीड म्हटले की पुढे फक्त मात्रा किती आणि कधी मारायचे, एवढाच प्रश्न उरतो. तिची दया येत नाही, आणि अंडी-पिल्ले राहिली तर पुन्हा वाढेल म्हणून आपण दुसरा हातही मारतो. हाच हिशेब विसाव्या शतकात माणसांना लावला गेला. नाझींच्या ऑशविट्झ छावणीत वापरलेले झायक्लॉन बी हे मुळात उवा, ढेकूण आणि गोदामांतील किडे मारण्याचे औषध होते. सप्टेंबर १९४१ मध्ये तिथे ते प्रथम कैद्यांवर वापरण्यात आले. त्या एका छावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांत जवळजवळ १० लाख ज्यू होते. हे औषध पुरवणाऱ्या हॅम्बुर्गच्या कंपनीचा मालक ब्रुनो टेश याला १९४६ मध्ये फाशी झाली, कारण माल कशासाठी जातो आहे हे त्याला माहीत होते, असे ब्रिटिश लष्करी न्यायालयाने मानले.

आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ साली एवढीही यंत्रणा लागली नाही. तिथे बेल्जियमच्या राजवटीपासून ओळखपत्रावर हुतू की तुत्सी, म्हणजे माणूस कोणत्या समाजाचा, हे लिहिलेले असे, आणि रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळे’ म्हणणे महिनोन्‌महिने चालू होते. एप्रिलपासूनच्या साधारण शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, पुष्कळशी शेजाऱ्यांच्या हातून आणि शेतातल्याच कोयत्यांनी. झुरळाच्या पोटी फुलपाखरू जन्मत नाही, असे ‘कांगुरा’ या नियतकालिकाने त्याच्या वर्षभर आधीच छापले होते. त्याचा संपादक हसन न्गेझे याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये दोषी ठरवले. महोदय, आपणही संपादक आहात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

त्याच देशात झुरा करुहिंबी नावाच्या वृद्ध विधवेने आपल्या दोन खोल्यांच्या घरात शंभराहून अधिक जणांना लपवले होते. तिच्याजवळ हत्यार नव्हते. ती जादूटोणा जाणते असा गावात समज होता, तेवढ्याच्या बळावर ती दारात उभी राहिली. अंगाची आग करणारा पाला तिने स्वतःला आणि घराला चोळला, हातातल्या बांगड्या खुळखुळवल्या आणि आत पाऊल टाकाल तर कोप होईल, असे मारेकऱ्यांना बजावले. ते परत फिरले. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हातात कोयते घेतलेली माणसे एका म्हातारीच्या शापाला भ्यायली, म्हणजे पापाचे भय त्यांच्यात पुरते मेलेले नव्हते. बाकीच्या दारांत ते जागे करणारे कुणी उभे नव्हते.

आपल्याकडे असे काही घडते आहे, असे मला म्हणायचे नाही. मिरजेची २००९ ची दंगल या जिल्ह्याने पाहिली आणि त्यातून तो सावरलाही. नरसंहाराशी तिची तुलना कुणी करू नये. परंतु १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या नरसंहारविरोधी करारात प्रत्यक्ष नरसंहाराबरोबर त्याची जाहीर चिथावणीही गुन्हा मानली आहे, आणि भारताने तो करार १९५९ मध्ये मान्य केलेला आहे. तेव्हा माझी आपणास एवढीच विनंती आहे, की कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याने एखाद्या समाजाला कीड, वाळवी वा झुरळ म्हटले, तर तो शब्द आपण मथळ्यात घेऊ नये, अवतरणचिन्हांतसुद्धा नाही. बातमी द्यावी, पण त्या शब्दाला मोठा टाइप देऊ नये.

तिसऱ्या दिवशी मी गटात लिहिले, की हा मजकूर काढावा, ही आपल्यातलीच माणसे आहेत. दोघांनी फोन करून बरे केलेत म्हणून सांगितले, एक जण गट सोडून गेला, आणि मजकूर निघाला. मिस्त्री परवा बागेत आले, पंपाचा दाब तपासला, नोझल साफ केले, चहा घेतला. त्या विषयावर ते काही बोलले नाहीत आणि मलाही विचारवले नाही. कुणाचा ब्लोअर अडला की गटात सर्वांत आधी त्यांचेच उत्तर यायचे. गेल्या आठवड्यापासून त्यांनी तिथे एक अक्षरही लिहिलेले नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
तासगाव, जि. सांगली