दादाच्या प्रश्नाचं उत्तर

झुरिक, २ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा दादाने फोनवर विचारलं, ‘तुझं ते लेसरचं यंत्र आमच्या कारखान्यात गळती पकडायला कधी देतेस?’ उत्तर लांबलचक आहे, म्हणून सवडीने लिहिते. त्यालाही वाचून दाखवा.

तंबोरा लावताना दोन तारा जुळत आल्या की आवाज डोलायला लागतो ना? आमचा सगळा खेळ त्या डोलण्यावर आहे. साध्या लेसरला एकच रंग. आमच्या लेसरमधून शे-दोनशे निघतात, अगदी सारख्या अंतरावर, फणीच्या दात्यांसारखे, म्हणून त्याला फ्रिक्वेन्सी कोम, म्हणजे फणी म्हणायचं. असे दोन लेसर घ्यायचे, दुसऱ्याच्या दात्यांतलं अंतर किंचित वेगळं ठेवायचं आणि दोघांचा प्रकाश एकाच डिटेक्टरवर सोडायचा. दात्यांच्या प्रत्येक जोडीचं डोलणं रेडिओच्या पट्ट्यात उतरतं, तिथे ते मोजणं सोपं. वाटेत मिथेन असला की तो ७.७ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश शोषतो आणि तिथले काही दाते अशक्त होतात. कुठले झाले, त्यावरून वायू ओळखायचा. वायू ओळखणाऱ्या जुन्या यंत्रांसारखा हलणारा आरसा नाही, काही नाही.

या फण्यांसाठी हॉल आणि हेन्श या शास्त्रज्ञांना २००५ चं नोबेल मिळालं, पण तेव्हा त्या टेबलभर पसरलेल्या असत. १९९४ साली बेल लॅब्समध्ये क्वांटम कॅस्केड लेसर, म्हणजे आमचा हा चिपवरचा लेसर, झाला, आणि २०१२ मध्ये इथल्याच ईटीएच विद्यापीठाने दाखवलं की ही काही मिलिमीटरची चिप स्वतःहूनच फणी तयार करते.

आता खरी अडचण. चिप जितकी आखूड, तितके दाते विरळ. वायूची बारीक रेघ, म्हणजे तो शोषतो तो नेमका रंग, दोन दात्यांच्या मधे पडली तर दिसतच नाही, मग विद्युतप्रवाह हळूहळू बदलून दाते सरकवावे लागतात. शिवाय चिप इवलीशी, पण तिला थंड ठेवणारी यंत्रणा, वीजपुरवठा, डिटेक्टर हे सगळं धरलं की ‘छोटं’ म्हणवत नाही. लेखांमध्ये फोटो फक्त चिपचा छापतात! दमटपणाही छळतो. किरणाच्या वाटेत कोरडा नायट्रोजन भरतो, तरी झाकण उघडून कुणी वाकलं की श्वासातल्या वाफेच्या रेघा पडद्यावर हजर.

तेव्हा दादाला सांगा, एकाच वायूची गळती बघायची तर सध्याचा सेन्सर बरा, स्वस्तही. पाच-सहा वायू एकदम आणि वेगवेगळे ओळखायचे असतील तर आमची वाट बघ म्हणावं.

आईचा चिवडा पोचला. पुढच्या वेळी कढीपत्ता जास्त घालायला सांगा.

तुमची,
मीनू