तूट आमच्याच ताटात का? अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. अर्थमंत्री मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. मशीनवर अंगठा सहा वेळा ठेवला, पुसून ठेवला, तिथल्या पोराने क्रीम लावायला सांगितलं तेही लावलं, तरी मॅच नाही. तीस वर्षं पॉवर प्रेसखाली पत्रा सरकवला मॅडम, रेषा राहणार कुठून! पोरगा म्हणाला काका चेहऱ्याने होतं, पण त्याला चांगला मोबाईल लागतो. म्हणजे मोबाईल नाही तर मी मेलो.

आणि हे सगळं कशासाठी, तर १,९४० रुपयांसाठी. ईपीएस ९५ ची, म्हणजे खासगी कारखान्यातल्या आमच्यासारख्यांच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन. २०१३ ला रिटायर झालो तेव्हाचाच आकडा, महागाई भत्ता नावाची गोष्टच यात नाही. बायकोच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांतच बाराशे जातात. तरी मी नशीबवान, कित्येकांना किमान १,००० वर भागवावं लागतं, आणि ते हजारही सप्टेंबर २०१४ पासून हललेले नाहीत. २०१३ मध्येच भगतसिंह कोश्यारींच्या संसदीय समितीने किमान ३,००० द्या म्हटलं होतं. तेच कोश्यारी पुढे आमच्या राज्याचे राज्यपाल झाले, राजभवनात राहून गेले, आमचे तीन हजार काही आले नाहीत.

विचारलं की उत्तर ठरलेलं, पेन्शन फंडात तूट आहे. अहो, मालकाने भरलेले पगाराचे ८.३३ टक्के आमच्याच घामाचे, सरकारचे फक्त १.१६. आणि सप्टेंबर २०१९ ला तुम्ही गोव्यात प्रेस घेऊन कंपन्यांचा टॅक्स ३० वरून २२ टक्क्यांवर आणलात, वर्षाचे १ लाख ४५ हजार कोटी सोडले, आकडा तुमचाच, तेव्हा तूट काय बीचवर फिरायला गेली होती का?

मार्च २०२० मध्ये म्हाताऱ्यांची रेल्वे सवलत काढली. कोरोना गेला, सवलत गेली ती गेलीच. इकडे माणूस एकदा आमदार झाला की जन्मभर पेन्शन, पक्ष कितीही बदलो, त्याला कोणी तूट ऐकवत नाही. युनियनमध्ये असताना गेटवर घोषणा द्यायचो तेव्हा साहेब निदान केबिनबाहेर येऊन शिव्या तरी घालायचे, आता पोर्टलवर तक्रार टाका, आठ दिवसांनी मेसेज येतो, तक्रार निकाली. कोणी निकाली काढली देव जाणे.

युनियनची मागणी जुनीच आहे, किमान ७,५०० आणि महागाई भत्ता. माझी त्यात एक जादा, मी जिवंत आहे एवढं मान्य करा.

खाली सही केली आहे. अंगठा उठत नाही.

एक पेन्शनर, जुना युनियनवाला